नावाआधी रिवाज: 'अनोळखी स्त्री'चं व्यक्तिचित्र कसं वाचतात

प्रश्न: अठराव्या शतकातल्या युरोपीय व्यक्तिचित्रांखाली बऱ्याचदा 'अनोळखी स्त्री' एवढंच लिहिलेलं असतं. तरीही जाणकार मंडळी ती कुठल्या थरातली होती, घरातली होती की नोकर, चित्र कुणी आणि कशासाठी काढून घेतलं, असं बरंच काही सांगतात. हे कशावरून ठरतं? की सगळं अंदाजपंचे?

उत्तर:

अंदाज त्यात असतोच, पण त्या अंदाजाला शिस्त असते. जुन्या तैलचित्रांच्या नोंदी आणि जतन हे माझं अनेक वर्षांचं काम. नव्यानं या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा एकच सांगते: चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. चेहरा बघितला की आपण लगेच गोष्ट रचायला लागतो. डोळ्यांत दुःख दिसतं, ओठांवर काहीतरी दडवल्यासारखं हसू दिसतं. मग त्याच चित्रकाराची आणखी चित्रं शेजारी ठेवली की कळतं, तेच डोळे आणि तेच हसू त्यानं सगळ्यांनाच वाटलेलं आहे.

म्हणून आधी शिकायचा तो रिवाज. त्या काळी, त्या शहरात, तेवढ्या पैशात अशा बाईचं चित्र कसं काढत असत? हे नीट डोक्यात बसलं, की हातातलं चित्र त्या रिवाजापासून कुठे ढळतं ते शोधायचं. त्या बाईविषयी चित्राकडून जे काही खात्रीचं मिळतं, ते बहुतेक वेळा या ढळण्यातूनच मिळतं.

रिवाज म्हणजे काय ते इंग्लंडच्या उदाहरणावरून सांगते. तिथे व्यक्तिचित्र हा चोख धंदा होता. कॅनव्हासची मापं ठरलेली होती. ३० बाय २५ इंचांत डोकं आणि खांदे, ५० बाय ४० इंचांत कमरेखालपर्यंतची आकृती, आणि साधारण ९४ बाय ५८ इंचांत पायापर्यंत पूर्ण माणूस. दर मापावर ठरे. १७८२ च्या सुमारास लंडनचा आघाडीचा चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स या तीन मापांसाठी अनुक्रमे ५०, १०० आणि २०० गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) घेत असे. म्हणजे बाई अनोळखी असली तरी तिच्यासाठी कुणीतरी किती खर्च केला, याचा अदमास नुसत्या मोजपट्टीनं येतो. मात्र कॅनव्हास नंतर कापलेला नाही ना, हे कडा बघून आधी ठरवायचं. मोठ्या चित्रातून सुंदर चेहरा तेवढा कापून विकण्याचे प्रकार बाजारात भरपूर झाले आहेत.

कपड्यांवर तर अजिबात भिस्त ठेवू नये. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये जोसेफ व्हॅन अकेन नावाचा कारागीर होता. तो फक्त कपडे रंगवायचा. थॉमस हडसन, अ‍ॅलन रॅमसे असे नावाजलेले चित्रकार चेहरा स्वतः काढत आणि उरलेला कॅनव्हास त्याच्याकडे पाठवत. त्यामुळे एकच रेशमी झगा, तीच लेस, तीच मोत्यांची माळ वेगवेगळ्या घरांतल्या बायकांच्या अंगावर दिसते. काही झगे तर रूबेन्सच्या शंभर वर्षं जुन्या चित्रांवरून उचललेले आहेत. असा झगा बघून 'ही नक्की सरदार घराण्यातली' म्हणणारा माणूस व्हॅन अकेनचं कौशल्य वाचत असतो, बाईची परिस्थिती नाही. तुर्की पद्धतीचे फेटे आणि सैल अंगरखेही असेच हौसेचे. तुर्कस्तान कधी न पाहिलेल्या शेकडो बायकांनी ते चित्रापुरते मिरवले.

केस त्या मानानं प्रामाणिक. १७७० च्या दशकात केशरचना उंच उंच होत जाते, १७८० च्या दशकात ती रुंद आणि कुरळी होते, आणि १७९० नंतर खाली बसते. ब्रिटनमध्ये १७९५ साली केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसला आणि पावडर झपाट्यानं मागे पडली. केस आणि कमररेषा दोन्ही जुळत असतील तर चित्राचा काळ पाच-सात वर्षांच्या टप्प्यात आणता येतो. रंगही मदत करतात, कारण एखादा रंग निघाला त्याआधीच्या चित्रात तो असू शकत नाही. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२० च्या दशकाच्या अखेरीचा, टायटॅनियम पांढरा विसाव्या शतकातला. फक्त तपासायचा तो मूळ रंगाचा थर. नंतरच्या कुणीतरी केलेल्या डागडुजीतला रंग तपासून चित्राला खोटं ठरवणारे लोकही असतात.

आणखी एक खूण, जी बघणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. नवरा-बायकोची जोडचित्रं काढताना नवरा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि बायको उजव्या हाताला टांगायची पद्धत होती. त्यामुळे बायको अंगानं डावीकडे, म्हणजे नवऱ्याकडे वळलेली असते. तेव्हा एकटी, अनोळखी, डावीकडे वळलेली बाई समोर आली की मी आधी तिच्या जोडीचं चित्र शोधते. तेच माप, तीच पार्श्वभूमी, त्याच उंचीवरून येणारा उजेड असलेला एखादा पुरुष दुसऱ्या संग्रहात नावानिशी लटकत असू शकतो. वाटण्यांमध्ये जोड्या फुटतात. पुरुषाचं नाव टिकतं आणि बाईचं हरवतं, कारण नाव टिकवणाऱ्या यादीत आडनावाला महत्त्व असतं.

आता एक चित्र जवळून बघू, म्हणजे हे सगळं कसं लागू पडतं ते स्पष्ट होईल. स्कॉटलंडमधल्या पर्थजवळच्या स्कून पॅलेसमध्ये १७७० च्या दशकाच्या अखेरीचं एक दुहेरी व्यक्तिचित्र आहे. उजवीकडे गुलाबी झग्यातली गोरी तरुणी, हातात पुस्तक, केसांत फुलं. डावीकडे एक कृष्णवर्णीय तरुणी, अंगावर चमकदार साटीनचा झगा, डोक्याला फेटा आणि त्यात शहामृगाचं पीस, गळ्यात मोती, हातात फळं. मागे लंडनजवळच्या केनवुड या हवेलीचा परिसर आणि दूरवर सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट. गोरी मुलगी कोण हे घराण्यात ठाऊक होतं: लेडी एलिझाबेथ मरे, लग्नानंतरची फिंच-हॅटन. दुसरीची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या यादीत 'निग्रो परिचारिका' एवढीच. चित्रकार म्हणून योहान झोफानीचं नाव लावलेलं.

यादी करणाऱ्याला ती परिचारिका का वाटली? कारण रिवाज. गोऱ्या मालकिणीशेजारी कृष्णवर्णीय नोकर दाखवणं ही युरोपात शंभर वर्षांची रुळलेली पद्धत होती. पिएर मिन्यारनं १६८२ साली काढलेलं डचेस ऑफ पोर्ट्स्मथचं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, ते पाहा. त्यातली लहान कृष्णवर्णीय मुलगी मालकिणीला मोत्यांनी भरलेला शंख आणि पोवळं देते आहे. अशा चित्रांत नोकर कायम खालच्या पातळीवर असतो, नजर मालकिणीकडे वर वळलेली, हातात फळं किंवा दागिने, कधी गळ्यात चांदीचा पट्टाही. मालकिणीचा गोरेपणा आणि तिची ऐपत उठून दिसावी एवढ्यासाठीच तो चित्रात आणलेला असतो.

आता केनवुडच्या चित्रात हा रिवाज किती पाळला आहे आणि कुठे मोडला आहे ते बघा. फळं आहेत. फेटा आहे. म्हणजे चित्रकाराला जुना साचा माहीत होता आणि त्यानं तो वापरलाही. पण दोघींच्या डोळ्यांची पातळी जवळजवळ सारखी आहे. फेट्यातली मुलगी मैत्रिणीकडे मान वर करून बघत नाही, ती थेट आपल्याकडे बघते आणि हसते. गळ्यात पट्टा नाही, मोती आहेत. एलिझाबेथनं हात लांबवून तिच्या दंडाला धरलं आहे. मालकीण नोकराला अशी धरत नाही. हा स्पर्श आपलेपणाचाच आहे. आणि सगळ्यात विलक्षण म्हणजे तिचं बोट. उजव्या हाताची तर्जनी तिनं स्वतःच्या गालाला लावली आहे. या बोटाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कुणी म्हणतं ती आपल्या वर्णाकडे लक्ष वेधते, कुणी म्हणतं गालावरची खळी दाखवते, कुणाला तो नुसता खट्याळपणा वाटतो. माझं मत असं की त्या बोटाचा एकच अर्थ काढण्याचा हट्ट सोडावा. पण चित्रातल्या नोकराला असा स्वतःकडे निर्देश करायची मुभा नसते, एवढं मात्र नक्की. साच्यातला नोकर नेहमी दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवत असतो.

इथपर्यंत आपण फक्त चित्र वाचलं आणि 'परिचारिका' ही नोंद डळमळीत झाली. नाव मात्र चित्रातून मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. ते कागदांतून आलं. १९८० च्या दशकात जीन अ‍ॅडम्स यांनी कागदपत्रांचा माग काढून ही डायडो एलिझाबेथ बेल असल्याचं वाचकांपुढे आणलं. जन्म १७६१. आई मारिया बेल, आफ्रिकी वंशाची गुलाम स्त्री. वडील ब्रिटिश नौदलातले सर जॉन लिंडसे. लिंडसेचे मामा म्हणजे लॉर्ड मॅन्सफिल्ड, इंग्लंडचे सरन्यायाधीश, ज्यांनी १७७२ साली सॉमरसेट खटल्यात गुलामाला त्याच्या मनाविरुद्ध इंग्लंडबाहेर नेता येणार नाही असा निकाल दिला. डायडो केनवुडला त्यांच्याच घरात वाढली. एलिझाबेथची आई लहानपणीच गेली होती आणि तीही तिथेच वाढत होती. दोघी मॅन्सफिल्डच्या भाच्या-पुतण्यांच्या मुली, म्हणजे नात्यानं बहिणीच.

चित्र आणि कागद एकमेकांना किती घट्ट बिलगतात ते बघण्यासारखं आहे. मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर थॉमस हचिन्सन १७७९ च्या ऑगस्टमध्ये केनवुडला जेवायला गेला होता. तो रोजनिशीत लिहितो की जेवणानंतर एक कृष्णवर्णीय मुलगी आली, बायकांमध्ये बसली, कॉफीनंतर सगळ्यांबरोबर बागेत फिरली आणि घरातल्या एका मुलीनं तिच्या हातात हात घातला होता. म्हणजे चित्रातला तो दंडाला धरलेला हात चित्रकाराच्या कल्पनेतला नाही, त्या घरात तो पाहुण्यालाही दिसला होता. हचिन्सनच्या लिहिण्यात तुच्छता भरलेली आहे, तिच्या केसांवर त्यानं शेरे मारले आहेत, आणि हेही लिहिलं आहे की मॅन्सफिल्ड तिला डायडो म्हणतात, बहुधा तिला तेवढंच नाव असावं. पण म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे. ज्याला हे दृश्य आवडलेलं नाही, त्यानंच ते नोंदवलं आहे.

ती जेवणानंतर आली, जेवणाला नव्हती, हेही त्याच नोंदीत आहे. घरच्या हिशेबांत डायडोचा वर्षाचा भत्ता ३० पौंड १० शिलिंग, तर एलिझाबेथचा सुमारे १०० पौंड. डायडो दूध-दुभतं आणि कोंबड्यांची देखरेख करायची. हे काम त्या काळी बड्या घरच्या बायकांच्या हौसेचंही असे, पण एलिझाबेथकडे ते नव्हतं. आता पुन्हा चित्राकडे वळलं की फळांची टोपली नुसती साच्यातून आलेली वाटत नाही. एकीच्या हातात पुस्तक आणि दुसरीच्या हातात फळं, एक स्थिर आणि दुसरी लगबगीनं कुठेतरी निघालेली. घरातलं तिचं स्थान असंच होतं: नात्यातली, लाडकी, पण बरोबरीची नाही. चित्रकारानं ते दोन्ही दाखवलं आहे, हे मला या चित्राचं मोठेपण वाटतं. 'समतेचं चित्र' म्हणून त्याचे गोडवे गाणारे पुस्तकाकडे आणि फळांकडे डोळेझाक करतात. 'शेवटी नोकरच दाखवली' म्हणणारे त्या हाताकडे आणि नजरेकडे.

पुस्तक एलिझाबेथच्या हातात आहे म्हणून डायडो अशिक्षित असेल असं समजू नये. मे १७८६ मध्ये मॅन्सफिल्डनी न्यायमूर्ती बुलर यांना पाठवलेलं एक पत्र उपलब्ध आहे. हस्ताक्षर डायडोचं, आणि त्यात म्हटलं आहे की हे डायडोनं लिहिलं आहे, तुम्हाला वाचता येईल अशी आशा आहे. सरन्यायाधीशांचा पत्रव्यवहार जिच्या हातून जायचा, तिच्या हाती चित्रकारानं फळं दिली. रिवाजाचं वजन केवढं असतं ते इथे समजतं.

फेट्याबद्दल एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल अशी. डायडोचे वडील लिंडसे १७६९ ते १७७२ या काळात ईस्ट इंडीजच्या आरमाराचे प्रमुख होते आणि मद्रासमध्ये अर्काटच्या नवाबाशी त्यांचे राजनैतिक संबंध आले. त्यामुळे तो फेटा आणि ती ओढणी हिंदुस्थानातून आलेली भेट असावी असं सुचवलं जातं. कल्पना मोहक आहे. पण असा फेटा लंडनमधल्या कुठल्याही चित्रकाराच्या पेटीत मिळत होता, हे वर सांगितलंच. भेटवस्तूची नोंद असलेला कागद हातात येईपर्यंत मी याला 'शक्यता' याच्या वरचा दर्जा देणार नाही.

मॅन्सफिल्ड १७९३ साली वारले. मृत्युपत्रात त्यांनी डायडोचं स्वातंत्र्य कायम केलं, तिला वर्षाला १०० पौंड आणि एकरकमी ५०० पौंड ठेवले. एलिझाबेथला १०,००० पौंड. त्याच वर्षी डायडोनं जॉन डेव्हिनियेशी लग्न केलं, तिला तीन मुलगे झाले, आणि १८०४ साली ती गेली. चित्रकाराचं नावही पुढे बदललं. २०१८ साली ते झोफानीचं नसून डेव्हिड मार्टिनचं असल्याचं पुढे आलं. मार्टिन हा रॅमसेचा शिष्य, आणि त्यानं मॅन्सफिल्डचंही चित्र काढलेलं आहे. म्हणजे एकाच फळीवर पूर्वी दोन चुकीच्या नोंदी होत्या, एक चित्रकाराची आणि एक त्या मुलीची. चित्रकाराची चूक शोधायला शंभर माणसं धावतात, कारण तिच्यावर चित्राची किंमत ठरते.

रिवाज मोडला म्हणजे तो बाईच्या बाजूनंच मोडला असं मात्र नाही. पॅरिसच्या लूव्हरमधलं मारी-गियेमीन बेनुआचं १८०० सालचं चित्र घ्या, ८१ बाय ६५ सेंटिमीटर. खुर्चीत बसलेली कृष्णवर्णीय स्त्री, डोक्याला पांढरं कापड, कानात सोन्याचं वळं, खुर्चीच्या पाठीवर निळी शाल, कमरेला लाल फीत. नजर आपल्यावर स्थिर. भारी खुर्ची, साधी भिंत, अंगाचा तिरपा वळसा हे सगळं त्या काळच्या फ्रेंच प्रतिष्ठित बाईच्या चित्राचं. पण एक स्तन उघडा आहे. प्रतिष्ठित बाईच्या चित्रात हे चालत नसे. देवी, रूपक किंवा मॉडेल म्हणून बसवलेली बाई, यांच्या चित्रातच ते चाले. म्हणजे खुर्ची सांगते की ही एक व्यक्ती आहे, आणि उघडं अंग सांगतं की तिची परवानगी विचारावी असं कुणाला वाटलं नाही. दोन्ही रिवाज एकाच कॅनव्हासवर आहेत आणि त्यांची सांधेजोड झालेली नाही. मला ते चित्र बघताना दर वेळी अस्वस्थ वाटतं, आणि ते तसं वाटलंच पाहिजे.

निळा, पांढरा, लाल म्हणून त्यात फ्रेंच क्रांतीचा झेंडा आणि गुलामीमुक्तीची घोषणा वाचली जाते. फ्रान्सनं १७९४ साली वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती आणि १८०२ साली नेपोलियननं ती परत आणली. चित्र बरोबर मधलं, त्यामुळे हा अर्थ सुचणं साहजिक आहे. तरी मी तिथे हात राखून असते. बेनुआचा नवरा राजेशाहीवादी होता आणि १८१८ साली हे चित्र सरकारसाठी विकत घेतलं गेलं ते परत गादीवर आलेल्या बूर्बाँ राजाच्या कारकिर्दीत. तेव्हाच्या लोकांना त्यात क्रांतीचा झेंडा दिसत असता तर तो सौदा इतका सहज झाला नसता. या स्त्रीचं नावही कागदांतूनच आलं. ती ग्वादलूपहून बेनुआच्या दिराबरोबर आलेली मादलेन. २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या प्रदर्शनात चित्र तिच्या नावानं लागलं. आधीची दोन्ही नावं तिच्या वर्णावरून होती. मादलेन हे नाव तरी तिनं निवडलेलं कुठे? मालकांच्या घरात मिळालेलं, आडनावाशिवायचं. पण निदान तिला हाक मारायचं ते नाव होतं.

आपल्याकडे हाच पेच 'बिबी' या शब्दापाशी येतो. बिबी म्हणजे गोऱ्या साहेबाबरोबर राहणारी हिंदुस्थानी स्त्री. डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये थॉमस हिकीनं १७८७ साली काढलेली एक हिंदुस्थानी स्त्री आहे. पाटीवर लिहिलं आहे की ही कदाचित विल्यम हिकीची बिबी जमदानी असावी. विल्यम हिकी हा कलकत्त्याचा वकील. त्यानं आपल्या आठवणींत जमदानीविषयी जिव्हाळ्यानं लिहिलं आहे: ती परपुरुषांसमोर यायला संकोचत नसे, मित्रांच्या बैठकीत हसत-खेळत भाग घेई, पण दारूला शिवत नसे. १७९६ साली बाळंतपणानंतर ती गेली. वर्णन इतकं जिवंत आहे की कुणालाही वाटावं, चित्रातली तीच. पण चित्रकार आणि वकील यांचं आडनाव एक असणं हा पुरावा होत नाही. त्या काळच्या कलकत्त्यात बिब्या पुष्कळ होत्या आणि चित्रं काढणारेही होते. पाटीवरचा 'कदाचित' हा शब्द तिथे आहे ते फार चांगलं आहे, फक्त छापील मजकुरात आणि समाजमाध्यमांवर तो सर्वांत आधी गळतो.

याच चित्रकार थॉमस हिकीनं म्हैसूरमधल्या तीन स्त्रियांचं चित्र १८०५ च्या सुमारास काढलं. पुढे त्या बायका नर्तकी किंवा गणिका समजल्या गेल्या. नंतर इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांनी वेगळं वाचन मांडलं. त्यांच्या मते या वाडियार घराण्यातल्या राण्या आहेत आणि उजवीकडची जी पदर सावरून दंड दाखवते आहे, तो देवीच्या रोगावरची नवी लस टोचलेला दंड आहे. लस हिंदुस्थानात नुकतीच आली होती आणि लोकांनी ती टोचून घ्यावी म्हणून राजघराण्याचं उदाहरण ईस्ट इंडिया कंपनीला हवंच होतं. मला हे पटतं, कारण ते रिवाजाच्या ढळण्यावर उभं आहे. भर दागिन्यांत बसलेल्या राणीनं दंड उघडा करून दाखवण्याचं दुसरं काही कारण सापडत नाही. तरीही तो तर्कच आहे, भक्कम तर्क. आणि त्याआधी इतकी वर्षं त्यांना गणिका का समजलं गेलं? कारण हिंदुस्थानी बाई परक्या पुरुषासमोर बसली म्हणजे ती गणिकाच, हे बघणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

पुण्याशी जोडलेलं एक चित्रही सांगते. विल्यम पामर १७९८ ते १८०१ पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याच्या आधीच्या, लखनौच्या दिवसांतलं त्याच्या कुटुंबाचं अर्धवट राहिलेलं चित्र आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात लाल कोटातला पामर, त्याची बेगम फैज बख्श तान्ह्या मुलासह, मोठी मुलं, आणि आणखी एक उंची वेशातली स्त्री. ही दुसरी कोण यावर मतभेद आहेत. कुणी तिला पामरची दुसरी बायको म्हणतं, कुणी फैज बख्शची बहीण. चित्रकार झोफानी की फ्रान्सेस्को रेनाल्डी हाही वाद आहेच. पुरुषाभोवती दोन हिंदुस्थानी बायका दिसल्या की दोघीही त्याच्याच, असं धरून चालणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की बाळंतिणीजवळ तिची बहीण असणं ही जगातली सर्वांत साधी गोष्ट आहे.

आणि मस्तानी. तिचं म्हणून पुस्तकांत, कॅलेंडरांवर, लेखांत छापल्या जाणाऱ्या बहुतेक चित्रांमागे तिच्या हयातीतल्या कागदाचा आधार नसतो. ती १७४० साली गेली. राजस्थानी किंवा मुघल पद्धतीची कुठलीही देखणी, अनाम नायिका घ्यायची आणि खाली नाव लिहायचं, असं सर्रास झालं आहे. नायिकेच्या चित्रात चित्रकाराचा उद्देशच आदर्श रूप दाखवण्याचा असतो, विशिष्ट बाई दाखवण्याचा नव्हे. अशा चित्राखाली नाव लिहिल्यानं मस्तानी आपल्याला सापडत नाही, उलट तिच्या शोधाची निकड संपते.

घरी किंवा ओळखीत एखादं जुनं, नाव नसलेलं स्त्रीचं चित्र असेल तर आधी ते उलटं करा. चौकटीवरची चिठ्ठी, लिलावाचा आकडा, दुकानाचा शिक्का, खडूनं लिहिलेलं काही, या सगळ्याचे नीट फोटो काढा. चित्राला मागून नवीन कापडाचं अस्तर लावलेलं असेल तर मूळ कापडावरचा मजकूर त्याखाली झाकलेला असू शकतो. अवरक्त किरणांनी घेतलेल्या छायाचित्रात तो कधी कधी दिसतो. कोपऱ्यात रंगानं लिहिलेलं नाव असेल तर हरखून जाऊ नका. अशी नावं पुष्कळदा दोन-तीन पिढ्यांनंतर, ऐकीव माहितीवर लिहिलेली असतात. रंगात आलेल्या भेगा अक्षरांखालून जात असतील आणि अक्षरांचा रंग त्या भेगांत उतरलेला असेल, तर नाव नंतरचं. अक्षरंही भेगांबरोबर तडकलेली असतील, तर ते चित्राइतकंच जुनं असण्याची शक्यता वाढते. साध्या भिंगानं एवढं बघता येतं. आणि कृपा करून चित्र ओल्या फडक्यानं पुसू नका.

राहता राहिला पाटीचा प्रश्न. नवं नाव मिळालं की जुनी नोंद खोडून टाकावी असं अनेकांना वाटतं, विशेषतः ती अपमानास्पद असेल तर. भिंतीवरची पाटी बदलावी, जरूर बदलावी. पण दप्तरातली जुनी नोंद तारखेसकट ठेवावी. केनवुडच्या यादीतली ती 'परिचारिका' ही नोंद शिल्लक आहे म्हणूनच आपल्याला दाखवता येतं की १७७९ साली ज्या घरात पाहुण्यांसमोर डायडोच्या हातात हात घालून फिरत होते, त्याच घरानं सव्वाशे वर्षांत तिचं नाव गमावलं होतं. पाटीवर ओळख लिहिताना ती कशावरून पटली हेही एका ओळीत लिहावं: मृत्युपत्रावरून, पत्रावरून, घराण्याच्या सांगण्यावरून की नुसत्या साम्यावरून. आणि साम्याखेरीज काहीच हाती नसेल, तर 'अनोळखी स्त्री' हेच राहू द्यावं, सोबत अंदाजे काळ, शहर आणि कॅनव्हासचं माप द्यावं. पुढच्या शोधणाऱ्याला चुकीच्या नावापेक्षा ते माप जास्त उपयोगी पडतं.